कमवायचं एकाने, शिकायचं दुसरीने

पत्र :

"नमस्कार बाई. मी चाकणला एका कंपनीत ठेकेदाराकडून काम करतो. वय २३. गाव सेनगाव तालुक्यात, जिल्हा हिंगोली. घरी अडीच एकर कोरडवाहू, सोयाबीन. आम्ही ओबीसी. बहीण यंदा बारावी सायन्स झाली, सीईटीला ९१ पर्सेंटाईल पडले. क्लास नव्हता. माझ्या जुन्या मोबाइलवर व्हिडिओ बघून अभ्यास केला. तिला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करायचं आहे. अण्णा म्हणतात पोरीला लांब ठेवायची नाही, तालुक्याला बी.ए. कर. इकडे एक सर ओळखीचे झालेत, ते म्हणतात मॅनेजमेंट कोट्यातून पुण्यात कॉम्प्युटरची सीट करून देतो, आत्ता ५० हजार देऊन बुक करा, फी वेगळी. मला हातात १६,५०० येतात, त्यातले ९ हजार घरी पाठवतो. ॲपवरून लोन मिळतंय. काढू का? पोरगी हुशार आहे, वाया जाऊ नये एवढंच. माझं काय, माझं झालं. – एक भाऊ"

उत्तर :

अहो-जाहो करून दोन ओळी लिहिल्या होत्या, त्या खोडल्या. तेवीस वर्षांच्या मुलाला मी वर्गात कधी 'तुम्ही' म्हटलं नाही, आता कुठे म्हणू? तेव्हा तूच म्हणते.

लोन काढू नकोस. ते ५० हजारही देऊ नकोस. बाकीचं पत्र सावकाश वाच, पण एवढं आजच ठरव आणि त्या सरांना फोन करून नाही म्हणून सांग. ते म्हणतील, नंतर सीट राहणार नाही. राहू दे. त्यांना एकच विचार, पन्नास हजारांची कॉलेजच्या शिक्क्याची पावती देता का? बहुतेक तिथेच बोलणं संपेल.

हे मी नुसत्या भीतीपोटी सांगत नाही, त्यात सरळ हिशेब आहे. २०२४-२५ पासून महाराष्ट्र सरकारने मुलींसाठी एक मोठी गोष्ट केली. घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल, तर ओबीसी, एसईबीसी (मराठा), ईडब्ल्यूएस (खुल्यातल्या आर्थिक दुर्बल) मुलींची इंजिनिअरिंगसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमाची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. आधी निम्मी माफ होती, आता सगळी. खासगी कॉलेजलाही लागू. पण त्यात एक मेख आहे. प्रवेश सरकारच्या कॅप राउंडमधून, म्हणजे सगळ्या कॉलेजांच्या एकत्रित सरकारी प्रवेशफेरीतून, झालेला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा संस्था स्तरावर, म्हणजे कॉलेजने स्वतः दिलेल्या प्रवेशाला ही माफी मिळत नाही. म्हणजे तुझे ते सर पन्नास हजार घेऊन तुझ्या बहिणीला नेमक्या त्याच दारातून आत नेणार होते, जिथे चारही वर्षं लाखाच्या घरातली फी तुला भरावी लागली असती. समोरच्या दारातून ती जवळजवळ फुकट जाऊ शकते.

हे तुला कोणी सांगितलं नाही. मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो. शहरातल्या एखाद्या सोसायटीत जूनमध्ये लिफ्टमध्ये उभं राहिलं तरी कॅप राउंड, कटऑफ, कोणत्या कॉलेजची कोणती शाखा, सगळं कानावर पडतं. तुझ्या गावात ही माहिती महा ई-सेवा केंद्रवाल्याला असते, आणि तो फॉर्ममागे पैसे घेतो. माहिती ज्याच्याकडे नसते त्याला ती विकणारा भेटतोच.

आता त्या ९१ चं सांगते. अण्णांना आणि शेजाऱ्यांना ते टक्के वाटत असतील. टक्के नाहीत ते. परीक्षेला बसलेल्या शंभरातली साधारण एक्क्याण्णव पोरं तिच्या मागे आहेत, असा त्याचा अर्थ. आणि त्या मागच्यांत दीड-दोन लाख भरून इंटिग्रेटेड कॉलेजात, म्हणजे कॉलेज आणि क्लास एकाच छपराखाली, बसलेली किती असतील, याचा अंदाज मला आहे.

मी तीस वर्षं अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवलं. पहिली बारा वर्षं एका तालुक्याच्या गावी. आमच्या लॅबमध्ये व्हर्निअर कॅलिपर (बारीक लांबी-जाडी मोजायचं साधन) चार, त्यातले दोन धड. पोरं ऐंशी. त्यामुळे प्रॅक्टिकलचा तास म्हणजे जर्नल उतरवायचा तास. एका वर्षी बोर्डाच्या प्रॅक्टिकलला एक मुलगी कॅलिपर उलटा धरून उभी होती. आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतला होता तिने. तरी कागदावर रीडिंग लिहिलं, दोन दशांश स्थळांपर्यंत बरोबर! जर्नलमधलं पाठ होतं. बाहेरून आलेले परीक्षक माझ्याकडे बघून हसले, मी जमिनीकडे बघितलं. नंतर संस्थेने माझी शहरातल्या कॉलेजात बदली केली. तिथे कॅलिपर भरपूर, चकचकीत, डब्यात घातलेले. पण वर्गात पोरंच नाहीत. नाव कॉलेजात आणि अंग क्लासमध्ये. इथे कॅलिपर नाही म्हणून शिकत नाहीत, तिथे कॅलिपरची गरज नाही म्हणून. दोन्हीकडे जर्नल मात्र पूर्ण.

तुझ्या बहिणीच्या अभ्यासाचं साधन तुझा जुना फोन. हे तू एका ओळीत उरकलंस, पण मी तिथे थांबले. 'असर' ही शिक्षणाची देशपातळीवरची पाहणी असते, तिच्या २०२३ च्या अहवालात ग्रामीण भागातली १४ ते १८ वयाची मुलं-मुली होती. स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी १९.८ टक्क्यांकडे. तुझी बहीण त्या १९.८ मध्येही धरता येणार नाही, कारण फोन तुझा. तू पुण्याला आलास आणि नवीन घेतलास म्हणून तिला जुना मिळाला. असल्या फोनवर पडलेले ९१ आहेत ते.

कॉलेजचं बघू. ९१ वर पुण्यातल्या नावाजलेल्या कॉलेजात कॉम्प्युटर मिळणं अवघड आहे, ते सोडून दे. पण 'पुणे आणि कॉम्प्युटर' हे दोन शब्द एकत्रच पाहिजेत असं कोणी सांगितलं? तुमच्यापासून बसने काही तासांवर नांदेडला एसजीजीएस हे इंजिनिअरिंगचं कॉलेज आहे, १९८१ पासूनची संस्था, मराठवाड्यातली कितीतरी पोरं तिथून शिकून बाहेर पडली. कॉम्प्युटर तिथेही वर जातं, पण कॅटेगरीतून बाकीच्या शाखांपैकी काही हाताला लागू शकतात. शिवाय सरकारी कॉलेजं आहेत, अमरावती, यवतमाळ, जळगाव, छत्रपती संभाजीनगर. गेल्या वर्षीच्या कटऑफ याद्या सीईटी सेलच्या साइटवर फुकट असतात. रविवारी बहिणीला फोन लावून दोघं मिळून बघा. ओबीसीचा रकाना बघा, मुलींच्या जागांचा वेगळा बघा. खुल्याचा आकडा बघून घाबरू नका.

पसंतीक्रम भरताना तिच्या मनाचा क्रम लावायचा, 'मिळेल ते' आधी टाकायचं नाही. पहिल्या फेरीत एक नंबरचा पर्याय लागला तर तो घ्यावाच लागतो, मग 'बाई, दुसरं बरं होतं' म्हणून उपयोग नाही. आणि हा फॉर्म कॅफेवाल्याला भरू देऊ नका. त्याच्या मागे रांग असते, तो वीस मिनिटांत वीस कॉलेजं ठोकून देतो. मी एका मुलाची चार वर्षं अशी एका माउसच्या क्लिकवर गेलेली बघितली आहेत.

कागदांचं मात्र आत्ताच धर. उत्पन्नाचा दाखला तहसीलचा, डोमिसाईल, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेयर (त्यावरची मुदत बघ, ३१ मार्चला संपलेलं चालत नाही) आणि सगळ्यात आधी जात पडताळणी. व्हॅलिडिटी काढली आहे का, ते तू लिहिलंच नाहीस, म्हणजे काढलेली नसणार. चुलत्यांपैकी किंवा वडिलांकडच्या कोणाची व्हॅलिडिटी झाली असेल तर तिची प्रत जोड, काम बरंच सोपं होतं. अर्ज केल्याची पावती प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. मुदतवाढ मिळेल या भरवशावर राहू नकोस. माझ्या नोकरीत हुशारीमुळे गेलेल्या सीटा मी कमी बघितल्या, एका कागदामुळे गेलेल्या जास्त.

प्रवेश झाला की फीमाफी आपोआप होत नाही. महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या साइटवर, दर वर्षी अर्ज करावा लागतो, खात्याला आधार जोडलेलं लागतं. काही कॉलेजं म्हणतात, आधी पूर्ण फी भरा, सरकारकडून आले की परत देऊ. भरू नका. हे लेखी द्या म्हणावं. लेखी कोणी देत नाही. तरी अडवलं तर तंत्रशिक्षणच्या विभागीय सहसंचालकांकडे अर्ज करायचा, मराठवाड्यातल्या कॉलेजांचं कार्यालय छत्रपती संभाजीनगरला.

माफी ट्यूशन आणि परीक्षा फीची. डेव्हलपमेंट फी, खोली, मेस, पुस्तकं, येणं-जाणं हे राहतंच. त्यासाठी सरकारी वसतिगृहाचा अर्ज भरा, तिथे नंबर नाही लागला तर ओबीसींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. पुण्या-मुंबईसारख्या शहरात वर्षाला ६० हजार, लहान शहरात त्याहून कमी. जागा मोजक्या आहेत आणि पैसे उशिरा येतात, कधी कधी वर्ष संपत आल्यावर. तेव्हा पहिल्या सहा महिन्यांची मेस तुलाच सोसावी लागेल, असं धरून चाल. पुणंच लागलं, तर विद्यार्थी साहाय्यक समिती डोळ्यांसमोर ठेव. खेड्यातून आलेल्या गरजू मुला-मुलींची वसतिगृहं १९५५ पासून चालवतात. मुलाखत असते, आणि मुलांना तिथे कामंही करावी लागतात. तुझ्या बहिणीला झाडू मारण्याचं काही वाटणार नाही, वाटतं ते दुसऱ्यांना.

अगदीच कमी पडले तर शैक्षणिक कर्ज. चार लाखांपर्यंत बँक तारण मागत नाही, आणि फेड शिक्षण झाल्यावर सुरू होते. ॲपचं कर्ज आणि हे, यांत सावकार आणि सोसायटीएवढा फरक आहे.

अण्णांचं. त्यांच्याशी भांडू नकोस. लांब नको म्हणणाऱ्या बापाच्या मनात बी.ए. नसतं, भीती असते, आणि ती सगळी खोटी नाही. कोणत्या खोलीत राहणार, रात्री दार कोण लावतं, आजारी पडली तर कोण बघणार, हे त्यांना कोणी दाखवलेलं नसतं. कागद तपासायला जाल तेव्हा त्यांना घेऊन जा. वसतिगृहाच्या रेक्टर बाईंना भेटव, मेसमध्ये एक ताट जेवू घाल. एक जुनी आठवण सांगते. माझी एक विद्यार्थिनी होती, तिचे वडील तीन महिने नाही म्हणत होते. ते वसतिगृहात गेले, भिंतीवरची मुलींची हजेरीची वही त्यांनी वाचली, रात्री साडेआठची सही प्रत्येकीची. बाहेर येऊन म्हणाले, "आमच्या घरात एवढा हिशेब नाही." दुसऱ्या दिवशी गादी आणून टाकली. अण्णांपुढे 'शिक्षणाचं महत्त्व' काढू नकोस. फी माफ, मेस इतकी, घरी यायला बस इतक्या वाजता, एवढंच सांग. नांदेड असेल तर निम्मं भांडण तिथेच मिटेल.

पहिल्या वर्षी ती रडणार आहे, तेही सांगून ठेवते. सगळं इंग्रजीत, शेजारी बसलेल्या पोराने आठवीपासून कोडिंग केलेलं, एम-वनचा, म्हणजे पहिल्या गणिताचा, पेपर अंगावर येतो. पहिल्या सेमिस्टरला एखादा विषय राहिला तर घरात सुतक पाळू नका. एनपीटीईएल, स्वयं यांवरचे ऑनलाइन तास फुकट आहेत, शिकायची सवय तिला मोबाइलवर लागलेलीच आहे. आणि सीनियर मुलींना मराठीत विचारायला लाजू नको म्हणावं.

झालं तुझ्या प्रश्नाचं उत्तर. आता तू जे विचारलं नाहीस त्याचं.

"माझं काय, माझं झालं." तेवीस वर्षांचा मुलगा हे लिहितो, आणि पुढे पूर्णविराम देतो!

कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव तू शाळेच्या भिंतीवर वाचलं असशील. त्यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, आणि त्यांच्या बोर्डिंगातली पोरं सकाळी काम करायची, मग वर्गात बसायची. 'कमवा आणि शिका.' पुणे विद्यापीठात त्यांच्या नावाने ती योजना आजही आहे. त्यात कमवणारा आणि शिकणारा एकच मुलगा होता. तुमच्या घरात त्याची वाटणी झाली. कमवायचं तू, शिकायचं तिने. अशी घरं मी वर्गातून खूप बघितली आहेत. एक भाऊ बारावीला शेवटच्या बाकावर झोपायचा, कारण रात्री पेट्रोल पंपावर असायचा, आणि त्याच घरातली धाकटी पहिल्या बाकावर. माझ्या घरात उलटं होतं. भाऊ शिकला, मी एक वर्ष घरी बसले. आईला अजून वाटतं मला तब्येतीमुळे बसवलं. तेव्हा मला यातलं काही कळत नाही असं समजू नकोस.

बहिणीसाठी तू काम धरलंस त्याबद्दल मी तुला शाबासकी देणार नाही, ती बाकीचे देतील. मला तुझा महिन्याचा हिशेब बघायचा आहे. हातात १६,५००, घरी ९ हजार. खोली कॉट बेसिसवर, डबा, गावाला येणं-जाणं. उरत काहीच नसणार. तरी माझं म्हणणं, घरी साडेआठ पाठव आणि पाचशे बाजूला काढ. बहिणीची ट्यूशन फी नाही, हे तुला आता कळलं आहे. ते पाचशे तुझे. त्याला हात लावायचा नाही, तिच्या कॅल्क्युलेटरसाठीसुद्धा नाही.

त्यातून यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची फी बसते. नाशिकचं, १९८९ चं विद्यापीठ, शिक्षण मराठीतून, बारावी झालेल्याला बी.ए., बी.कॉम.ला थेट प्रवेश, अभ्यास केंद्रं जागोजागी. पदवी यूजीसीमान्य, स्पर्धा परीक्षेलाही चालते. लोक नाक मुरडतील, 'ओपनचं आहे' म्हणतील. म्हणू देत. तुला मशीनमध्येच पुढे जायचं असेल तर दुसरा रस्ता आहे. तू बारावी सायन्स असशील तर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, आणि नोकरी करणाऱ्यांसाठी वेगळ्या तुकड्या चालवायला एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, काही कॉलेजांना परवानगी दिली आहे. पिंपरी-चिंचवडच्या बाजूला चौकशी कर. त्याला नोकरीचा दाखला लागतो, आणि खरी अडचण तिथे येईल, कारण ठेकेदार दाखला द्यायला का-कू करतो. म्हणून आधी हे बघ की तुझा पीएफ कापतात का. कापत असतील तर यूएएन (पीएफ खात्याचा) नंबर मागून घे, तो तुझ्या नोकरीचा पुरावा. तुला 'ट्रेनी' म्हणून ठेवलं असेल तर विचार, सरकारी अप्रेंटिसशिपमध्ये नोंद आहे की नुसतं नावाला ट्रेनी. नोंद असेल तर शेवटी सर्टिफिकेट मिळतं. नसेल तर तू शिकत नाहीयेस, स्वस्तात राबतोयस, एवढं तरी कळेल.

दोन्हींतलं काय निवडायचं ते मी सांगणार नाही. तुझे हात मशीनवर चालतात की डोकं दुसरीकडे धावतं, ते मला चाकणहून आलेल्या एका ईमेलवरून कळत नाही. तिसऱ्या शिफ्टनंतर अभ्यास होत नाही, हेही मला माहीत आहे. पहिल्या वर्षी दोनच विषयांत पास झालास तरी चालेल.

बहिणीला हे पत्र वाचून दाखव, शेवटचा भाग गाळू नकोस. गाळशील तू, म्हणून मुद्दाम लिहिते. तिचे पर्याय भरायच्या आदल्या दिवशी यादी मला पाठव, मी बघून देईन. आणि मुक्त विद्यापीठात नाव घातलंस तर पीआरएन नंबर, म्हणजे विद्यार्थी म्हणून तुझा नोंदणी क्रमांक, मिळेल, तोही कळव.